फाडलेली चिठ्ठी

सरांनी चिठ्ठी फाडली नाही. घडी घालून परत पत्र्याच्या डब्यात टाकली. नर्सबाईंनी मान वाकवून डब्यात पाहिलं.

फारसीच्या तोंडी परीक्षेचा सरांचा नियम सगळ्या वर्गाला पाठ होता. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी फाडायची, चुकलं की परत डब्यात. संधी तीन; एक चिठ्ठी फाटली की पास, तिन्ही परत गेल्या की नापास. आणि वयाच्या अटीमुळे बाईंची ही शेवटची खेप होती. पास झाल्या तर सोमवारपासून हॉस्पिटलात इराणी पेशंटांसाठी दुभाष्याची खुर्ची, नाहीतर गुडघे बोलेपर्यंत वॉर्डाच्या फेऱ्या.

पण चुकलं कुठे? चिठ्ठीवर 'हर्फ ज़दन' होतं. हर्फ म्हणजे शब्द, ज़दन म्हणजे मारणं. दोन्ही मिळून एकच क्रियापद, बोलणं. आपण गप्पा मारतो, तसंच. बाईंनी हेच सांगितलं होतं, फक्त आवाज कापत होता.

दुसरी चिठ्ठी. 'मोठी बाग' फारसीत सांगा.

"बाग़े बुज़ुर्ग," त्या कशाबशा म्हणाल्या. "नाम आधी, विशेषण मागून. मधला ए दोघांना जोडतो."

सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तीही चिठ्ठी डब्यात टाकली.

आता बाईंची एकच संधी उरली. तिसऱ्यांदा डब्यात हात घातला, तर नेमकी पहिलीच चिठ्ठी हाती आली. आधीचं उत्तर चालत नाही, म्हणजे आता दुसरं काहीतरी द्यायला हवं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं, आतून कितीही टरकली तरी पेशंटला दिसता कामा नये. बाईंनी पाठ ताठ केली, सरांच्या डोळ्यांत बघितलं आणि ठासून सांगितलं, "हर्फ ज़दन म्हणजे शब्द मारून टाकणं. गप्प बसणं."

टर्रकन चिठ्ठी फाटली.

"शाब्बास. पास," सर म्हणाले आणि प्रमाणपत्रावर सही करायला त्यांनी पेन उघडलं.

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्या जास्तच घाबरल्या. हे उत्तर धडधडीत चूक होतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. उद्या एखादा पेशंट 'मला बोलता येईना' म्हणून जिवाच्या आकांतानं सांगेल आणि आपण डॉक्टरांना भलतंच सांगू. पेनचं टोक कागदाला टेकलं.

"सर," त्या म्हणाल्या, "आत्ताचं चुकलं. आधीची दोन बरोबर होती."

पेन थांबलं. सर उठले आणि दार लावून आले. खुर्चीत बसून त्यांनी पेनला टोपण लावलं.

"बाहेर कुणाला बोलू नका, सिस्टर," ते म्हणाले. "व्याकरण वर्षभरापूर्वीच डोक्यातून गेलं. आता मी चेहरे बघून चिठ्ठ्या फाडतो."