बायकोच्या नावानं

उसात बिबट्या दिसल्यापासून पिंपरी पेंढारच्या कुंडलिकची छाती सारखी धडधडायची. पण गडीमाणसानं भीतीवर गोळी मागायची म्हणजे लाजच. ऑनलाइन डॉक्टरला त्यानं सांगितलं, "बायकोसाठी पायजे."

"पेशंटला व्हिडिओवर बघितल्याशिवाय ही गोळी लिहून देता येत नाही. नियम आहे."

त्यानं हिराला चुलीपुढून उठवून आणलं. "झोप येत न्हाई, येवढंच म्हन," असं कानात सांगून फोन तिच्यासमोर धरला.

हिरा बोलायला लागली. "ह्ये उसाला पाणी द्यायला गेलं, की परत येईस्तोवर माजं हात थरथरत्यात. भाकरी थापता येत न्हाई. ह्यांना सांगावं, तर हसत्याल म्हनून गप ऱ्हाते."

कुंडलिकची मान खाली गेली.



पलीकडून डॉक्टर म्हणाले, "फोन फार हलतोय. पेशंट दिसत नाहीये."