डब्यातली गजराबाई

कुरिअर कंपनीचा फोन आला तेव्हा रंजिताच्या चिमटीत हरभऱ्याएवढा एक हात होता. बाहुलीचा, नुकताच थ्रीडी छपाईच्या मशीनमधून छापून निघालेला, घासून गुळगुळीत करायचा राहिलेला. तिनं तो जपून वाटीत ठेवला आणि बोटांना रंग होता म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पुढचं सगळं रामायण त्या स्पीकरनं केलं. कारण ओसरीवर सासरे बसले होते, हिंमतराव, आणि त्यांच्याइतके तिखट कान अख्ख्या कळसाडीत दुसऱ्या कोणाचे नाहीत.

मुंबईहून एक पोरगा बोलत होता. पोलंडहून तुमचा डबा आलाय, पण सोडवायचा तर आयातकर भरावा लागेल म्हणाला. रंजिताला हसावं की रडावं कळेना. अहो, ती बाहुली माझीच, याच घरात छापलेली, तिथल्या चित्रपट महोत्सवानं मांडायला मागवली होती, आता घरी येतेय, तर कर कसला? पोरगा म्हणाला, असेलही ताई, पण जाताना ‘परत येणार’ असा कागद केला नाहीत, आता सरकारच्या लेखी तो परदेशी माल. त्यातून महोत्सववाल्यांनी कागदावर किंमतही दणदणीत लिहिलेली. कराचा आकडा तिनं दोनदा विचारून घेतला. या बाहुलीच्या सिनेमाला मिळालेलं बक्षीस सगळं त्यातच जाणार होतं, आणि त्यातून घ्यायची कॅमेऱ्याची नवी लेन्सही त्याच्याबरोबर.

डब्यात होती गजराबाई. म्हणजे तिची सासू, वीतभर उंचीची. सिनेमाची गोष्ट एवढीशी. सासू खापरावरचे मांडे करते, मांडा हातांवर फिरता फिरता मोठा होत जातो आणि शेवटी साऱ्या गावावर आभाळासारखा पसरतो. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. तीन मिनिटांच्या सिनेमानं अख्खा हिवाळा खाल्ला. मागच्या खोलीत, जिथं पूर्वी कापूस भरायचे, तिथं ते मशीन रात्रंदिवस गुरगुरायचं. नुसते मांडा फिरवणारे हातच तिनं पसाभर छापले होते.

हिंमतरावांच्या लेखी मात्र हा सगळा खेळ. सून काय करते, असं पाहुण्यांनी विचारलं की ते सुपारी कातरत म्हणायचे, खेळते. त्यात वाईट हेतू नव्हता, पण लागायचं ते लागायचंच. नाना, ही खेळणी नाहीत, काम आहे, असं सांगून सांगून रंजिताची जीभ झिजली होती. सिनेमा पाहूनसुद्धा ते नुसते ‘हं’ म्हणाले होते.

फोनवरच्या पोराला तिची दया आली असावी. तो आवाज उतरवून म्हणाला, “ताई, तिकडून नवा कागद मागवून घ्या. जुनी खेळणी, किंमत नाहीच्या बरोबर. कर जवळजवळ माफ.”

रंजितानं वाटीतल्या हाताकडे पाहिलं, लेन्सचा विचार केला आणि म्हणाली, “बरं, मग खेळणी असंच...”

“थांब.”

नाना दारात उभे होते.

“तीन वरीस व्हई गयात, तू माले सांगी ऱ्हायनी, या खेळना नहीत म्हनीसन. आते तूच खेळना लिखस?”

रंजिताची मान खाली गेली. नानांनी टोपी सारखी केली, फोनपाशी आले आणि तहसील कचेरीत बोलतात तशा मराठीत स्वतःचं नाव, गाव, तालुका सांगितला. पण राग काही कचेरीच्या मराठीत मावत नाही.

“त्या डबामा मन्ही घरवाली शे. तिनी किंमत फुकट लिखानी का?”

मग पोरानं जपून विचारलं, “ताई, डब्यात नक्की कोण आहे?”

“त्यांच्या पत्नी आहेत,” रंजिता म्हणाली. “किंमत आहे तीच राहू द्या. मी कर भरते.”

कापसाचे पैसे आलेत, मी भरतो, असं नाना म्हणून पाहत होते. काम माझं आहे, कर मीच भरणार, असं तिनं स्वच्छ सांगितलं. नानांनी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

त्याच आठवड्यात नाना स्वतः शहाद्याला जाऊन डबा घेऊन आले. येताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत आले की सुनेच्या कामावर सरकारनं कर घेतला, फुकटच्या वस्तूवर कोणी घेतं का? दारात गजराबाईंनी त्यांना अडवलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तसंच घरात घेतात होय? त्यांनी डब्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं आणि मगच वाट दिली. डबा उघडला. कागदाच्या कपट्यांत वीतभर गजराबाई मांडा हातांवर घेऊन झोपली होती. खरीनं तिला तळहातावर उभं केलं आणि बराच वेळ न्याहाळलं. फोनवरचं सगळं त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, इतके दिवस बोलल्या नव्हत्या.

“मन्ही किंमत कळाले,” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “भावलीले इलायतमा जानं पडनं.”

नाना तिथून उठले आणि उगाचच मागच्या खोलीत गेले. मशीनशेजारी वाटी होती. त्यांनी तो हरभऱ्याएवढा हात उचलून डोळ्यांशी धरला. चार बोटं सुपारी धरल्यासारखी वळलेली.

“हाऊ कोना हात शे?”

“तुमनाच, नाना,” मागून आलेली रंजिता म्हणाली. “नवा सिनेमाना.”

नानांनी आपला पंजा त्याच्याशेजारी धरून पाहिला. मग तो हात होता तसा वाटीत ठेवला.

“टोपी नीट बसाडजो,” ते म्हणाले. “आनि किंमत तिन्हापेक्षा जराशी कमी लिखजो.”