अर्धा भरलेला मेघफुगा

विहीणबाईंच्या पत्राला आपण उत्तरच दिलं नाही, हे सगुणाबाईंना आठवलं तेव्हा ओढ्याचं पाणी साकवाच्या फळ्यांना लागलं होतं. वारा घराचे पत्रे वाजवत होता. गावचा जादा पाऊस झेलून डोंगरापलीकडच्या कोरड्या वाडीला नेणारा मेघफुगा सकाळीच परतला होता, पण अर्धा भरलेलाच! त्यामुळे तो पाहता पाहता तुडुंब झाला आणि उरलेला पाऊस ओढ्यात उतरला.

पलीकडे फुगा उतरवून घेणाऱ्या हौसाबाई म्हणजे सगुणाबाईंच्या लेकीच्या सासूबाई. "शेजारचं भांडं रिकामं कसं परत करायचं? थोडा पाऊस ठेवून पाठवू ना?" असं त्यांनी त्या पत्रात विचारलं होतं. नको म्हणायचा सगुणाबाईंना संकोच वाटला होता.

"आता सरळ कळवून टाक," भागोजीराव बायकोला म्हणाले. "पुढच्या खेपेलाही असाच आला तर साकव जाईल."

"साकव पुन्हा बांधता येतो हो. विहीण रुसली तर?"

"मग जा, ओढ्याचीच समजूत काढ!"

सगुणाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच सुचलं. त्यांनी फोनवर भराभर लिहिलं : "विहीणबाई, हा पाऊस आम्ही लेकीला दिलाय. लेकीला दिलेलं माहेर परत घेत नाही. फुगा धाडतेय. सगळा ओतून घ्या आणि रिकामाच पाठवा."

मग फुग्याचा दोर सोडून त्यांनी उत्तर पाठवून दिलं.