आठवी धून

“सांगा क्रांतीताई, हे काय लागलंय?”

“सनई हाय की,” क्रांती म्हणाली.

हिरव्या पडद्यापलीकडे तिची कवटी उघडी होती आणि डॉ. राजवर्धन मेंदूतली गाठ काढत होते. पडद्याअलीकडे डॉ. निशिगंधा तिच्या तोंडासमोर स्टुलावर बसली होती. हातात फोन, शेजारी छोटा स्पीकर. क्रांती पूर्ण शुद्धीत होती. असायलाच हवी होती. गाठ नेमकी सूर ओळखणाऱ्या भागाला चिकटलेली होती. कापण्याआधी डॉक्टर त्या जागेला बारीक सळईनं विजेचा स्पर्श करत. तेवढ्यात कानातली धून बिघडली, तर ती जागा सोडायची. नाही बिघडली, तर कापायची.

क्रांती एसटीत कंडक्टर. अकरा वर्षं चंदगड-कोल्हापूर गाडीवर. कुणाच्या फोनवर काही वेगळं वाजलं की तिकीट देता देता थांबायची. “पावणं, ह्ये काय लावलंय?” असं विचारून नाव लिहून घ्यायची. कॉलेजच्या पोरांकडून तिला गिटार मिळाली, गोव्याच्या एका म्हाताऱ्याकडून ट्रम्पेट, कर्नाटक सीमेपलीकडच्या बायकांकडून नादस्वरम, ती दक्षिणेकडची लांब सनई. आजच्यासाठी तिनंच नऊ आवडत्या धुनांची यादी करून दिली होती. सगळ्या बिनशब्दांच्या. शब्द असले तर गाणं शब्दांवरूनच ओळखू येतं.

“सूर तुटले की लगेच सांगायचं,” डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. “मी तिथंच थांबेन. मग थोडी गाठ आत राहील. दोन-तीन वर्षांत ती पुन्हा वाढेल, आणि तेव्हा काही करता येईलच असं नाही.”

तिचा नवरा सयाजी हात जोडून म्हणाला होता, “तिची गाणी तेवढी ऱ्हाऊ द्या, सायब.” क्रांती यादी पुन्हा पुन्हा वाचत होती.

हलगी तिनं दुसऱ्याच ठोक्याला ओळखली. ढोलकी, ट्रम्पेट, गिटार, सगळं बरोबर. गाठ जवळजवळ निघाली.

“आता शेवटची जागा,” डॉक्टर म्हणाले. “इथं तीनदा बघू.”

सहावी धून लागली. उत्तर जरा उशिरा आलं.

“सारंगी.”

बरोबर होतं. सातवी लागली.

“सॅक्सोफोन.”

तेही बरोबर. पण निशिगंधाला तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला.

“काही होतंय का?”

“न्हाय. चालू द्या.”

आठव्या वेळी निशिगंधानं यादी मोडली. सकाळी सयाजीनं तिला एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यांची नऊ वर्षांची अदिती तीन महिन्यांपासून पेटी शिकत होती, तिचं वाजवणं. ‘मधीच लावा, तिला बरं वाटंल,’ असं त्यानं खाली लिहिलं होतं. निशिगंधानं ते लावलं. पेटी अडखळत वाजू लागली. मास्कआड एक नर्स हसली.

“हे काय लागलंय?” सळई टेकवून डॉक्टरांनी विचारलं.

“नादस्वरम,” क्रांती ठामपणे म्हणाली.

यादीत आठवं तेच होतं.

निशिगंधानं पडद्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा हात थांबला होता.

“क्रांतीताई,” ती हळू म्हणाली, “ही पेटी आहे. तुमच्या अदितीची.”

क्रांतीनं डोळे मिटून घेतले.

“कधीपासून कळत नाहीये?” डॉक्टरांनी विचारलं.

“सहाव्यापासनं. पत्र्यावर भांडी आपटल्यागत वाजतंय नुस्तं. यादी पाठ हाय, म्हणून सांगत गेलो.”

“अहो, मी कापणार होतो! सूर कायमचे गेले असते.”

“ठावं हाय. पर बोललो असतो तर तुम्ही थांबला असता.”

डॉक्टरांनी सळई बाजूला घेतली. मग म्हणाले, “बोललेलं सगळं कळेल तुम्हाला. पण गाणं म्हणून काही कळणार नाही. कुठलंच. पोरीची पेटीसुद्धा नाही.”

“तिला नऊ वर्षं झाली, सायब. तीन वर्षांनी बाराची हुईल. बारा वर्षांच्या पोरीला आई लागती.”

“सयाजीरावांना बोलावून विचारू?”

“त्येला इचारू नका. त्यो गाणीच मागंल.”

डॉक्टरांनी मान हलवली. “तुम्ही शुद्धीत आहात, निर्णय तुमचा. पण असा घाईत नको. पुन्हा विचारीन, तेव्हा सांगा.”

क्रांतीनं डोळे उघडले. “आता वीज लावलेली न्हाय न्हवं?”

“नाही.”

“मग पोरीचं ते लावा की.”

निशिगंधानं सुरुवातीपासून लावलं. या वेळी पेटी पेटीसारखीच वाजली. दुसऱ्या ओळीत अदिती चुकली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. क्रांतीला हसू आलं. डोक्याला धक्का लागू नये म्हणून ती ओठ घट्ट मिटून हसली. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. निशिगंधानं ते कापसानं टिपलं. पेटी संपेपर्यंत कुणी हललं नाही.

संपल्यावर निशिगंधाचं बोट आपोआप पुन्हा बटणाकडे गेलं.

“नगं,” क्रांती म्हणाली. “परत ऐकलं तर मी न्हाय म्हणंन. कापा, सायब.”