पंचाऐंशीचे पंचावन्न

छातीवरचं जेल पुसत काकांनी विचारलं, "फुफ्फुसातला दाब किती निघाला?"

"पंचावन्न," इको करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मागच्या खेपेला पंचाऐंशी होता! लागू पडल्या की गोळ्या." शर्टाची बटणंही न लावता काकांनी लेकीला फोन लावला. "बघ, उगाच रडत बसली होतीस!" एवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबून दम खावा लागला. मग त्यांनी फोन पुढे केला. "हिचा विश्वासच बसत नाही. तुम्हीच सांगा हो."

"खरंय, दाब उतरलाय," बाई फोनवर म्हणाल्या. मग फोन घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"ताई, आजच्या आज निघा. रक्त पुढे ढकलायची हृदयात ताकदच उरली नाही, म्हणून उतरलाय."