कलाबाईंचे दोन शब्द

“देख बेटा, मुलींच्या अभ्यासिकेचा विषय माइकवर निघाला, तर होस्टेलची खोली रिकामी करायची,” प्राचार्य चुन्नीलालजी म्हणाले आणि वळून पाहुण्यांकडे बघत हसले. दोन्ही कामं त्यांना एकाच चेहऱ्यानं जमत.

रश्मीनं मान हलवली. सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. मुलांची अभ्यासिका रात्रीही उघडी असे. मुलींच्या अभ्यासिकेला ऊन असतानाच कुलूप लागे. कारण, सुरक्षा. पुस्तकांपासून मुलींची की मुलींपासून पुस्तकांची, हे कुणी सांगत नसे. खोली गेली तर रश्मी परत गावी, केशोरीला, आणि केशोरीला परत म्हणजे लग्न. पाहुण्यांना तिनं नमस्कार केला, चहा दिला. कुलपाचं मात्र गिळलं.

व्याख्यानाचा विषय होता नागरी हक्क. आधी सेवकरामजी बोलले. आंदोलनांत पोलिसांना पुरून उरलेला माणूस. माइकलाही पुरून उरला. संविधानाच्या प्रास्ताविकेतून ते मूलभूत हक्कांपर्यंत पोचले तोवर मागच्या रांगा झोपल्या होत्या. प्राचार्यांना भाषण फार आवडलं.

मग कलाबाई. गुजरीतल्या, म्हणजे भाजीबाजारातल्या, ओट्यावर त्यांच्या वस्तीतल्या बायकांना भाजी विकू देत नव्हते, तेव्हा टोपली घेऊन पहिल्यांदा त्याच बसल्या होत्या. लाठी पडली, वांगी सांडली, बाई हलल्या नाहीत. आता त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते.

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. “ताई, वेळ झाला. दोनच शब्द बोला.”

कलाबाई उठल्या. पदर खोचला.

“कुलूप काढा,” म्हणाल्या आणि बसल्या.

सभागृह खाडकन जागं झालं. मागून एका मुलीनं तेच म्हटलं, मग दहाजणींनी, मग मुलांनीसुद्धा. समोर मोबाइल वर झालेले पाहून प्राचार्यांनी शिपाई चैतरामला किल्ली आणायला पिटाळलं, आणि हे आपल्या मनात कधीचंच होतं, असं जाहीर केलं.

टाळ्या संपल्यावर त्यांनी रश्मीला मंचामागे गाठलं. “कुलपाचं बाईंना तूच सांगितलंस!”

तेवढ्यात कलाबाई चपला शोधत तिथंच आल्या.

“कोनतं कुलूप, जी?” त्या म्हणाल्या. “मले कोनी काई सांगतलं नाई. कोनत्याबी कॉलेजात माहं भाषन एवढंच असते. बिनकुलपाचं कॉलेज अजून भेटलंच नाई.”