दोब्रीचा डावा हात

"डोळे मिटा सगळ्यांनी. चोरून बघायचं नाही," नवरीच्या पोशाखातली नेवेना म्हणाली. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लग्नाच्या दिवशीही परीक्षा घेतल्याशिवाय राहवेना.

चौदा वऱ्हाडी होरोच्या, म्हणजे रांगेनं करायच्या नाचासाठी हात धरून चौकात उभे होते. सगळ्यात पुढे तिचा बाप दोब्री, उजव्या हातात लाल रुमाल. पुढचा नेईल तसा नाच जातो. आणि हिवाळ्यात मेंदूला झटका बसल्यापासून दोब्रीचा डावा हात बधिर. मागून रांगेनं ओढलेलं त्या हाताला कळलंच नाही, तर तो पडणार, आणि मागचे तेराही त्याच्या अंगावर.

"रांगेतला शेवटचा माणूस पुढच्याचा हात दाबेल. तुमचा दाबला गेला की पुढच्याचा दाबा. खबर नसेतून कण्यात, कण्यातून मेंदूत, आणि मेंदूचा हुकूम दुसऱ्या हाताला. बाबा, तुम्ही रुमाल वर करायचा. नाही झाला तर खुर्चीत बसायचं."

"खुर्चीत तुझ्या सासूला बसव," दोब्री पुटपुटला.

त्याचा बधिर हात धरून त्याचा दोस्त रादुल उभा होता आणि गालात हसत होता. त्यानं सकाळीच सगळं जमवून ठेवलं होतं. "माझ्यापर्यंत आलं की तुझ्या बुटावर पाय देतो. पाय तरी जागा आहे ना तुझा?" असं त्यानं दोब्रीला सांगितलं होतं.

"सुरू."

रादुलच्या मागच्या जाड्या मेव्हण्याचा घामट पंजा आवळला. रादुलनं दोब्रीचा हात करकचून दाबला आणि एक डोळा किलकिला केला.

रुमाल लोंबतोय.

त्यानं पाय उचलला. दोब्रीच्या कपाळाची शीर टरारली होती. लांबून कुणी हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाहीये, असा त्याचा चेहरा.

रुमाल हलला. मग सरळ वर गेला.

"मागच्या तेरा जणांना मिळून चार सेकंद," नेवेना घड्याळ बघत म्हणाली. "तुम्हाला एकट्याला तीन."

"रस्ता खराब आहे. खबर पायी आली," दोब्री म्हणाला. "पण आली."

नेवेनाची नजर रादुलकडे वळली. करकोच्यासारखा तो एका पायावर उभा होता, बूट दोब्रीच्या बुटापासून चार बोटं वर, तसाच अधांतरी.

तिनं ढोलवाल्याला खूण केली.

"पाय खाली ठेवा, रादुलकाका. आता नाचायला दोन्ही लागतील."